बटालियनची लाइन: १९४४ चा फील्ड टेलिफोन स्वतः ओढून पाहणाऱ्यांसाठी

दुसऱ्या महायुद्धाचा नाद असलेली मंडळी रणगाडा लांबून ओळखतात, रायफलीचं मॉडेल सांगतात. पण टेकडीपलीकडच्या कंपनीने ‘दारूगोळा संपत आला’ हे बटालियनला कळवलं कसं, असं विचारलं की गप्प होतात. ज्यांना हा प्रश्न पडतो ते सरळ वायरलेस सेट शोधायला लागतात. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, तर हमखास. माझा सल्ला उलटा आहे. सुरुवात तारेच्या टेलिफोनने करा. सामान स्वस्त पडतं, आत समजायला सोपं असतं, आणि आघाडी एका जागी थांबली की १९४४ च्या बटालियनचं बरंचसं बोलणं तारेवरूनच चालायचं.

सगळं अमेरिकी सामानाच्या आधाराने सांगतो, कारण युद्धानंतर तेच जगभर पसरलं आणि आजही मिळतं. ब्रिटिश किंवा हिंदी पलटणीत जिथे वेगळं होतं तिथे तसं सांगेन.

आधी कागद-पेन्सिल घ्या

अमेरिकी पायदळ बटालियन म्हणजे साधारण साडेआठशे माणसं: तीन रायफल कंपन्या, एक जड शस्त्रांची कंपनी आणि हेडक्वार्टर कंपनी. या हेडक्वार्टर कंपनीतच संदेशवहनाची प्लाटून असते. तिचे तीन भाग: संदेश केंद्र, तारवाले आणि रेडिओवाले. मधोमध एक्स्चेंज: सहा लाइनींचा बीडी-७१ किंवा बारा लाइनींचा बीडी-७२ स्विचबोर्ड. त्यातून एकेक लाइन कंपन्यांना, निरीक्षण चौकीला, मलमपट्टीच्या ठाण्याला जाते आणि एक वर रेजिमेंटकडे.

लाइन कोणी ओढायची यावरून भांडण नको म्हणून नियम ठरलेला होता. वरच्याने खालच्याला द्यायची, डावीकडच्याने उजवीकडच्याला द्यायची, आणि मदत करणाऱ्याने ज्याला मदत करायची त्याला द्यायची. म्हणजे तोफखान्याची लाइन पायदळाकडे तोफखानाच आणणार. तुमच्या सरावातही हाच नियम ठेवा, निम्मी वादावादी वाचते.

नवख्यांचा एक गैरसमज इथेच काढून टाकू. पलटणीतला सिग्नलवाला म्हणजे सिग्नल कोअरचा माणूस नव्हे. हिंदी सैन्यात सिग्नल कोअर १५ फेब्रुवारी १९११ पासून आहे, जबलपूर हे तिचं घर. पण बटालियनच्या आतलं काम बटालियनची स्वतःची सिग्नल प्लाटून करायची. ती माणसं पायदळाचीच, त्याच पलटणीची, फक्त या कामात तयार केलेली. तार तुटली आणि सेट बंद पडला की उरायचा तो रनर, म्हणजे निरोप पायी नेणारा, आणि तोसुद्धा नेमलेला माणूस असायचा. नामदेव जाधव हे १/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत असेच कंपनी रनर होते. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीच्या काठावर दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवून त्यांनी मशीनगनची ठाणी एकट्याने मोडली. मग नदीच्या बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत उरलेल्यांना पलीकडे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रनर हा शब्द वाचून पोस्टमन डोळ्यांसमोर आणू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

तर पहिली पायरी: एक्स्चेंज कुठे, टोकं किती, कोणती लाइन कुठून जाणार, हे नकाशावर काढा. प्रत्येक लाइनीला नंबर द्या. सरावाला दोन टेलिफोन आणि पाचशे मीटर तार पुरते, तरी नकाशा काढाच.

टेलिफोन घेताना

ईई-८ हा पट्ट्याने खांद्याला लटकवायचा टेलिफोन. पिशवी आधी चामड्याची असे, नंतर कॅनव्हासची. आत हँडसेट, घंटा, बाजूला घडीची मूठ असलेला मॅग्नेटो (मूठ फिरवली की घंटेपुरती वीज काढणारं छोटं जनित्र) आणि दीड व्होल्टच्या दोन जाड बॅटऱ्या. आपल्या मोठ्या टॉर्चमध्ये जातात त्याच मापाच्या. म्हणजे ऐंशी वर्षं जुन्या यंत्राची बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, ही सोय वायरलेस सेटला नाही.

जोडी एकाच बनावटीची हवी असं नाही. मॅग्नेटोने घंटा वाजवणारा आणि स्वतःची बॅटरी बाळगणारा कोणताही फील्ड टेलिफोन दुसऱ्या तशाच टेलिफोनशी सहसा बोलतो. ईई-८ च्या टोकाला नंतरचा टीए-३१२ किंवा रशियन टीए-५७ लावून चालतं. विकत घेण्याआधी मूठ फिरवून बघा. फिरताना अडखळली किंवा आत खडखड झाली तर सोडून द्या. बॅटरीच्या खणात हिरवा-पांढरा थर दिसला तर भाव पाडा, पण घाबरू नका, तो साफ होतो. हँडसेटची दोरी मात्र वाकवून नीट बघा. जुनं रबर चिरलं असेल तर ती बदलावी लागणार. काही सामानावर एमएफपी असा शिक्का आणि तारीख असते. दमट हवेतली बुरशी आणि ओल रोखायला आतल्या भागांवर वार्निश दिल्याची ती खूण. कोकणात राहणाऱ्याने असा नग सोडू नये.

उघडा, पुसा, टेबलावर बोला

बॅटरीचे संपर्क व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, मग स्वच्छ पाण्याच्या बोळ्याने, आणि पूर्ण सुकू द्या. सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा जातो. पॅनेलवर एलबी आणि सीबी अशा दोन खुणा असलेला एक खाचेचा स्क्रू असतो. आपल्याला एलबी हवं, म्हणजे टेलिफोन स्वतःच्या बॅटरीवर बोलतो. हा स्क्रू चुकीच्या जागी राहिल्यामुळे ‘फोन मेला’ असं ठरवून परत विकणारे लोक आहेत, आणि त्यांच्याकडूनच स्वस्त माल मिळतो.

आता एकट्या फोनची परीक्षा. एल-१ आणि एल-२ हे लाइन लावायचे दोन स्क्रू तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा, हँडसेटची कळ दाबा आणि माउथपीसमध्ये फुंका. स्वतःची फुंकर स्वतःच्या कानात ऐकू आली तर बॅटरी, माइक आणि कानाकडचा भाग तिन्ही ठीक. आली नाही तर आधी हँडसेटचा बोलण्याकडचा भाग तळहातावर दोन-चार वेळा हलके आपटा. आत कोळशाचे कण असतात. वर्षानुवर्षं पडून ते एकमेकांना चिकटतात आणि माइक मुका होतो. निम्मे ‘बिघडलेले’ फोन एवढ्यानेच बोलू लागतात.

मग जोडणीची तार काढा, दोन्ही फोन दोन तारांनी जोडा. कुठली तार कुठे, याने फरक पडत नाही. एकाने मूठ फिरवायची, दुसऱ्याची घंटा वाजली पाहिजे. मूठ फिरवताना उघड्या स्क्रूला बोट लावू नका. ऐंशी-नव्वद व्होल्टचा झटका बसतो. सहसा जीव जात नाही, पण हातातला फोन पडतो.

तार

त्या काळची मुख्य तार डब्ल्यू-११०-बी. दोन तारा एकमेकींना पीळ दिलेल्या, प्रत्येकीत चार धागे तांब्याचे आणि तीन पोलादाचे. तांबं विजेसाठी, पोलाद ताणासाठी. एका मैलाचं वजन १३० पौंड, म्हणजे जवळपास ५९ किलो. हल्ला करणाऱ्या कंपनीमागे एवढं ओझं कोण पळवणार? म्हणून हलकी डब्ल्यू-१३० होती, मैलाला सुमारे ३० पौंड. ती पटकन पसरते आणि तितक्याच पटकन तुटते. इटलीच्या डोंगरात तारेची रिळं खेचरांवर लादून वर न्यावी लागली.

दोन तारा का, एक तार आणि परतीला जमीन का नाही, असं कोणी विचारेल. पहिल्या महायुद्धात तसंच करत. मग जमिनीतून झिरपणारं बोलणं शत्रू पलीकडच्या खंदकात ऐकू लागला. १९१५ मध्ये फुलर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने फुलरफोन काढला, ज्याचे संदेश असे चोरून ऐकणं अवघड होतं, तो याच कारणाने.

मूळची डब्ल्यू-११०-बी कुठे मिळाली तर ती शोभेला ठेवा. तिचं रबर आता हातात भुगा होतं. सरावाला नंतरच्या काळातली लष्करी पिळाची तार किंवा बाजारातली टेलिफोनची जोडतार चालते.

सांधा

खरी कारागिरी इथे आहे. तारवाल्याच्या कमरेला टीई-३३ नावाची छोटी चामडी पिशवी असायची. तिच्यात एक पक्कड आणि एक घडीचा चाकू. सांधा याच दोन हत्यारांनी करायचा, अंधारात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, म्हणून त्याची पद्धत ठरवून दिलेली होती.

जोडायच्या दोन टोकांपैकी प्रत्येकात दोन तारा आहेत. एका टोकाची एक तार पकडीच्या लांबीइतकी आखूड कापा. दुसऱ्या टोकाचीही एक तशीच कापा, पण उलट बाजूची, म्हणजे लांब तार पलीकडच्या आखूड तारेला आणि आखूड तार लांब तारेला मिळेल. यामुळे दोन्ही गाठी शेजारी-शेजारी न येता एकमेकींपासून वीतभर लांब पडतात. टेपमध्ये ओल शिरली तरी दोन तारा एकमेकींना चिकटत नाहीत. बाजारातल्या इलेक्ट्रिशियनला हे सांगितलं तर तो हसतो. मग पावसात त्याचा सांधा आणि हा सांधा शेजारी ठेवून बघा.

आता प्रत्येक तारेचं आवरण पकडीच्या लांबीइतकं सोला. चाकू आडवा फिरवू नका, धागे कापले जातात. तिरका धरून, पेन्सिल तासतात तसा चालवा. धातू चाकूच्या पाठीने खरवडा, चमक येईपर्यंत. दोन तारांची सपाट गाठ मारा, उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने मारलीत तर ती सरकगाठ होते आणि पहिल्या हिसक्याला सुटते. गाठ आणि आवरण यांच्यात पाव इंच उघडी तार ठेवून गाठ आवळा. उरलेल्या टोकांतले पोलादी धागे वेगळे काढून छाटा. तांब्याचे धागे त्या पाव इंचावर घट्ट गुंडाळत आवरणावर दोन वेढे जाईपर्यंत न्या. आता ताण गाठ सोसते आणि वीज वेढ्यांतून जाते.

शेवटी टेप. आधी रबराचा, ताणून, मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे नेत. त्यावर कापडी चिकट टेप, पहिल्याचं रक्षण करायला. नुसता काळा प्लास्टिक टेप लावलात तर उन्हात त्याचा डिंक वितळून महिन्याभरात सुटेल. सांधा झाल्यावर दोन्ही हातांनी जोरात ओढा. तुटणारच असेल तर तुमच्या हातात तुटू दे.

घरी बसून निदान वीस-पंचवीस सांधे करा. शेवटचे पाच डोळे मिटून.

लाइन ओढणे

एक्स्चेंजच्या टोकाला तार आधी झाडाच्या बुंध्याला किंवा खुंट्याला बांधायची, मग फोनला जोडायची. कोणी अडखळलं तर झाड सोसेल, स्क्रू नाही. दोन्ही टोकांना चार-पाच मीटर तार गुंडाळून जास्तीची ठेवा. अंतर नकाशावर मोजलंत त्याच्या पाचवा हिस्सा तार अधिक घ्या. जमीन नकाशाइतकी सपाट नसते, शिवाय तार ताणून ठेवायचीच नाही, सैल पडू द्यायची. ताणलेली तार पहिल्याच गुराच्या पायाने तुटते.

रस्त्याकडेने जाण्याचा मोह होतो. तिथेच तिचा घात होतो. युद्धात शत्रूच्या तोफांनी तारा तोडल्याच, पण आपल्याच ट्रकांनी आणि रणगाड्यांच्या पट्ट्यांनीही भरपूर तोडल्या. चराच्या पलीकडून, शेताच्या बांधाने न्या. वाट ओलांडायची असेल तर एक तर चर खणून पुरा, नाहीतर वरून न्या, निदान १४ फूट उंच. दोन्ही बाजूंना बांधून, मगच मधला भाग. विजेच्या खांबाला हात लावायचा नाही, त्याच्या आसपासही फिरकायचं नाही. सार्वजनिक रस्ता ओलांडूच नका, आणि टेलिफोन कंपनीच्या लाइनीला हे यंत्र चुकूनही जोडू नका.

प्रत्येक वळणावर, ओलांडणीवर आणि टोकाला लाइनीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधा. एक रीळ संपलं की तिथूनच एक्स्चेंजला फोन लावून बघा, मगच पुढचं जोडा. कामाला नेहमी दोघं. त्या काळी हा शिरस्ता जिवावरच्या कारणाने होता. शत्रू मुद्दाम तार कापून दबा धरून बसायचा आणि दुरुस्तीला येणाऱ्याची वाट पाहायचा. एकाने सांधायचं, दुसऱ्याने आजूबाजूला नजर ठेवायची. तुमच्या सरावात दुसरा माणूस निदान विंचवाकाट्यावर लक्ष ठेवेल.

लाइन नवी असतानाच पलीकडची टोकं एकमेकांना जोडून अलीकडून मल्टिमीटरने रोध मोजा आणि वहीत लिहा. या आकड्याचा उपयोग पुढे आहे.

बिघाड शोधणे

लाइन गेली की लगेच चालत सुटू नका. आधी बसल्या जागी निदान करा, आणि त्यासाठी मॅग्नेटोची मूठ पुरते. मूठ नेहमीपेक्षा हलकी, भुर्रकन फिरली तर पुढे वीज घ्यायला कोणी नाही: तार तुटली आहे. मूठ जड, चिखलातून फिरवल्यासारखी लागली तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत. मूठ नेहमीसारखी, पण पलीकडची घंटा क्षीण आणि बोलण्यात गुणगुण, तर कुठला तरी सांधा ओला होऊन वीज जमिनीत झिरपते आहे. हाताला हा फरक कळायला सवय लागते. चांगल्या लाइनीवर रोज मूठ फिरवत जा, म्हणजे वाईट लाइन कळेल.

तारा टेकल्या असतील तर मल्टिमीटर जागाही सांगतो. पहिल्या दिवशी लिहिलेला रोध समजा ६० ओहम होता आणि आता २० दाखवतोय, तर बिघाड तुमच्यापासून साधारण तिसऱ्या हिश्शावर आहे. ओल्या सांध्याला हे गणित लागू पडत नाही. तुटलेल्या तारेला तर रोध मोजताच येत नाही. तिथे अर्धं-अर्धं करत जायचं. लाइनीच्या मध्यावर जा, दोन सुया तारांच्या आवरणात टोचा, हातातला फोन त्यांना लावा आणि दोन्ही टोकांना हाक मारा. जे टोक उत्तर देतं ती बाजू शाबूत. उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. सुईची भोकं टेपने बुजवायला विसरू नका, नाहीतर पुढच्या पावसात तीच नवी गळती.

रात्री तारवाला तार मुठीत सैल धरून चालायचा. हाताला टोक लागलं की दुसरं टोक शोधायचं. तोफगोळा पडला असेल तर ते दहा-वीस मीटर दूर फेकलेलं असायचं, आणि तिथेच दुसऱ्याही चार लाइनी तुटून पडलेल्या असायच्या. कुठली कुठली हे चिठ्ठ्यांशिवाय कळत नाही. चिठ्ठी नसेल तर एकेक टोक फोनला लावून ‘कोण बोलतंय?’ विचारत बसायचं.

बोलणे

लांबलचक काही नाही. संदेश आधी कागदावर लिहा, वर नंबर आणि वेळ टाका, मग वाचा. ऐकणाऱ्याने लिहून घेऊन परत वाचून दाखवायचं. अक्षरं सांगताना १९४३ नंतरच्या दोस्त सैन्याची एबल, बेकर, चार्ली, डॉग, ईझी, फॉक्स ही माळ वापरा. अल्फा-ब्राव्हो १९५६ ची. १९४४ च्या सरावात ती आली की जाणकार कपाळाला हात लावतात. हिंदी पलटण दाखवायची असेल तर लक्षात ठेवा, सैन्यातली समाईक भाषा रोमन लिपीत लिहिलेली उर्दू होती. मराठा पलटणीतले जवान आपसात मराठीच बोलत असणार, पण प्रशिक्षण आणि लेखी व्यवहारात ती उर्दू होती.

वायरलेसकडे वळाल तेव्हा

ब्रिटिश-हिंदी पलटणीत बटालियन ते कंपनी यांच्यात पाठीवरचा १८ नंबरचा सेट, ६ ते ९ मेगाहर्ट्झ, आणि प्लाटूनला ३८ नंबर. अमेरिकनांचा एससीआर-३०० हा ४० ते ४८ मेगाहर्ट्झवर एफएम, ४१ चॅनल, पल्ला सुमारे तीन मैल. आवाज स्वच्छ, रात्री दूरच्या स्टेशनांची कटकट नाही. १८ नंबरवर ती कटकट असायची, शिवाय पाठवणारा आणि ऐकणारा भाग वेगवेगळा जुळवावा लागे. सगळे सेट एकाच फ्रिक्वेन्सीवर आणणं हे सिग्नलवाल्याचं सकाळचं पहिलं काम.

असा सेट मिळाला तर वीज देण्याआधी जाणकाराला दाखवा. आत दीडशे व्होल्टच्या आसपास, कधी त्याहून जास्त दाब असतो आणि जुने कपॅसिटर गळके असतात. ऐकायला हरकत नाही, पण प्रक्षेपणाला केंद्र सरकारचा हौशी रेडिओ परवाना लागतो. परवाना असलेल्याला १८ नंबर ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यात वापरता येईल. एससीआर-३०० चा पट्टा मात्र आपल्याकडे हौशींसाठी नाही, तो डमी लोडवरच चालवा, म्हणजे अँटेनाऐवजी लहरी बाहेर न सोडणारा रोध लावून.

ठेवताना

सराव संपला की बॅटऱ्या काढायच्या, त्याच दिवशी. ‘उद्या पुन्हा लागणार’ म्हणून राहिलेल्या बॅटऱ्याच खण खातात. तार गुंडाळताना कोरड्या फडक्यातून ओढत घ्या, फडकं अडकेल तिथे आवरण फाटलं आहे, लगेच टेप लावा. वळवाच्या दिवसांत ढग गडगडले की दोन्ही टोकं फोनपासून सोडवा. जमिनीवरची लांब तारही विजेचा लोळ आत आणते. मृगाच्या आधी फोन पिशवीतून बाहेर काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. चामडी पिशवी वेगळी ठेवा, बुरशी तिथूनच सुरू होते. दर महिन्याला डबा उघडून मूठ वीस-तीस फेरे फिरवा, माइक तळहातावर आपटा, आणि वहीत तारीख टाका.